गरीब आणि आपसात दुभंगलेली वस्ती रहिवासी स्वतः सावरू शकतात का?

हो. पण निर्णय कोण घेणार हे आधी ठरवा, इमारती मागाहून. बोस्टनमधल्या डडली स्ट्रीट परिसरात सुमारे १,३०० भूखंड ओसाड पडले होते, त्यांवर बाहेरचे लोक कचरा आणून टाकायचे. १९८४ मध्ये तिथल्या रहिवाशांची संघटना उभी राहिली. तिच्या मंडळात कृष्णवर्णीय, केप व्हर्डियन (पश्चिम आफ्रिकेजवळच्या केप व्हर्ड बेटांवरून आलेले), लॅटिनो आणि गोऱ्या रहिवाशांना समान जागा दिल्या. संख्येने कोण जास्त, ते पाहिलं नाही. मला हाच निर्णय सगळ्यात मोलाचा वाटतो. पहिली मोहीम कचऱ्याविरुद्ध, कारण दुर्गंधी सगळ्यांच्याच घरात शिरत होती! १९८८ मध्ये संघटनेला ओसाड भूखंड सक्तीने संपादन करण्याचा अधिकार मिळाला. जमीन सामुदायिक विश्वस्त संस्थेकडे, म्हणजे रहिवाशांच्या वतीने ती राखणाऱ्या संस्थेकडे राहिली, बाजारात विकली गेली नाही, त्यामुळे भाव वाढले तरी तिथली घरं परवडणारी राहिली.