जादा लाइटचा ब्रॅकेट: आधी पुठ्ठा, मग पट्टी

मित्रा, गाडीच्या पुढे जादा लाइट बसवायला ब्रॅकेट बनवतोयस, तर लोखंडी पट्टी कापायची घाई करू नकोस. आधी जाड पुठ्ठ्याचा साचा काप आणि बंपरमागच्या कंपनीच्याच बोल्टवर लावून बघ. बॉनेट नीट उघडतं का, रेडिएटरची हवा अडत नाही ना, हे तेव्हाच कळतं. नवीन भोकं शक्यतो टाळ. एअरबॅगच्या सेन्सरजवळ तर अजिबात नको.

मग 3 मिमीची एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं पोलाद) पट्टी घे. नुसती वाकवलेली पट्टी खड्ड्यांत थरथरते, रात्री घाटात उजेड नाचत राहतो. म्हणून कोपऱ्यात आतून त्रिकोणी तुकडा वेल्ड करून घे, तोही ब्रॅकेट गाडीवरून काढून. भोकांच्या कडा कानशीने घासून मगच रेड ऑक्साइड (गंजरोधक लाल प्रायमर) मार. गंज तिथूनच सुरू होतो. नट नायलॉकच घे, म्हणजे आत नायलॉनची रिंग असलेले, थरथरीने सैल न होणारे. वायरिंगला रिले (लाइटचा जास्त करंट बटणावर येऊ न देणारा स्विच) आणि बॅटरीजवळ फ्यूज हवाच.