पेपर वाचायला निघालीस तर

प्रिय लेकरा,

तुझा मेसेज रात्री बघितला, सेमिनारसाठी तुझं ॲबस्ट्रॅक्ट सिलेक्ट झालं म्हणून लई आनंद झाला. पूर्ण पेपर पण वाचून काढला. बावीस पानं आहेत आणि त्यातली अठरा न्यायावर लिहिणाऱ्या अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्सचीच. त्यानं १९७१ ला काय मांडलं, १९७४ ला दुसरा तत्त्वज्ञ नोझिकनं त्याला काय उत्तर दिलं, हे त्या हॉलमधल्या निम्म्या लोकांना पाठ असतं गं. आपलं लातूर पार एकोणिसाव्या पानावर यायलंय, आणि तुला मिळणार दहा मिनिटं.

उलटं कर सगळं. एप्रिल २०१६ पासून सुरू कर. दुष्काळातल्या लातूरला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर, त्याच्या आधीच पाण्याच्या टाक्यांपाशी १४४ कलम लागलेलं. तू तेव्हा शाळेत होतीस, आईसोबत रात्री दोन वाजता घागर घेऊन नंबराला उभी राहायचीस हे तूच सांगितलं होतंस ना मला, मग पेपरात का नाही ते? मग एकच प्रश्न टाक: आपण मिरजेत जन्मणार का लातुरात, उसाच्या मळ्यात का त्या नंबरात, हे माहीतच नसतं तर पाणीवाटपाचा कोणता नियम आपण कबूल केला असता? रॉल्सचा 'अज्ञानाचा पडदा' म्हणजे हेच, तेवढ्यात समजतो लोकांना, अठरा पानं लागत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. कोणीतरी उठून म्हणणारच की रॉल्सची तत्त्वं समाजाच्या मूलभूत रचनेसाठी, म्हणजे कायदे-संस्थांसाठी आहेत, एका रेल्वेच्या वाटपासाठी नाहीत. हा आक्षेप खरा आहे आणि जड पण आहे. तो समोरून यायची वाट बघू नकोस, पेपरात तूच मांड आणि जितक्या ताकदीनं मांडता येईल तितक्या ताकदीनं मांड. मग सांग की धरणातलं पाणी वरच्यांना किती आणि खालच्यांना किती हे ठरवणारा २००५ चा जलसंपत्ती नियमनाचा कायदा, कोणत्या पिकाला किती पाणी जातं ते, ही रचनाच आहे, आणि रेल्वे तर ती रचना कोलमडल्यावर आली. मला हे उत्तर पटतंय. तुला पटत नसेल तर दुसरं शोध, पण आक्षेप गाळू नकोस.

बाबासाहेबांचं बघ. १९३६ ला लाहोरच्या परिषदेसाठी जातिनिर्मूलनाचं भाषण लिहिलं, बोलावणारे जातपात तोडक मंडळवाले म्हणाले काही भाग बदला, बाबासाहेब बदलायला तयार झाले नाहीत, परिषदच रद्द झाली आणि त्यांनी ते स्वतःच्या खर्चानं छापलं. हे सगळे सांगतात. पण पुढच्या आवृत्तीत, १९३७ ला, त्यांनी गांधीजींनी घेतलेले आक्षेप आपल्याच पुस्तकात छापले आणि खाली उत्तर दिलं, ते वाचताना मला आजही अंगावर काटा येतो. विरोधकाला आपल्याच घरात बसायला जागा देणं, एवढा भरवसा पाहिजे आपल्या म्हणण्यावर.

माझ्या पहिल्या पेपरला बेल वाजली तेव्हा मी सहाव्या पानावर होतो, पुढची नऊ पानं घाईघाईत पुटपुटलो, आणि मागं बसलेल्या एका रिटायर्ड शिक्षकांनी विचारलं, "सर, तुमचं स्वतःचं म्हणणं काय?" मला सांगता आलं नाही. ते त्यांनी रागानं विचारलं नव्हतं, त्यांना खरंच ऐकायचं होतं, हेच जास्त लागलं.

चार पानं लिही, बाराशे शब्दांच्या वर नको. प्रश्न आला की आधी वहीत लिहून घे, मग बोल, आणि उत्तर नसलं तर विचार करून कळवते म्हण आणि खरंच कळव. जेवणानंतरचं सेशन सोडू नकोस, तेव्हा किट आणि सर्टिफिकेटवाले निघून गेलेले असतात, उरलेले दहा-बारा लोक ऐकायलाच थांबलेले असतात.

रविवारी सकाळी घरी ये, मोबाईलवर दहा मिनिटं लावू. काकू पण ऐकायला बसणार आहेत, त्यांनी २०१६ ला आमच्या गल्लीतल्या टँकरचा हिशोब ठेवला होता, ती वही काढून ठेवलीय.

तुझे सर