स्वस्त लेगपीस येऊ द्यावेत का? शेडवाल्याचं उत्तर

तुम्ही विचारलंय, परदेशातलं चिकन स्वस्त असेल तर आणायला काय हरकत आहे? निफाड तालुक्यात माझं पाच हजार पक्ष्यांचं शेड आहे, कंपनीच्या करारावर. तिथून जे दिसतं ते सांगतो.

अमेरिकेत गिऱ्हाईक छातीच्या मांसाला जास्त पैसे मोजतं. तंगडी मागे उरते. ती मिळेल त्या भावाने बाहेर विकली तरी त्यांना परवडतं. आपला जीव नेमका तंगडीवर. म्हणजे कोंबडी कोण स्वस्तात वाढवतो, अशी ही स्पर्धाच नाही. म्हणून तंगडीच्या तुकड्यांवरचं १०० टक्के आयातशुल्क राहिलंच पाहिजे.

बंदी मात्र मी मागणार नाही. बर्ड फ्लूचं कारण देऊन आपण घातलेली बंदी २०१५ साली जागतिक व्यापार संघटनेच्या अपिलातही टिकली नाही. २००६ मध्ये नंदुरबारकडच्या नवापूरला बर्ड फ्लूने शेडच्या शेड रिकामी झाली, त्यामुळे रोगाची भीती मलाही आहे. पण धंदा वाचवायला रोग पुढे केला की आपण हरतो.

आयात वाढली तर आम्हाला ती भावात आधी दिसणारच नाही. पक्षी कंपनीचे, आम्हाला किलोमागे वाढवणावळ, म्हणजे ते वाढवण्याची मजुरी. पक्ष्यांच्या दोन लॉटमधला पंधरा दिवसांचा गॅप दीड महिन्यावर जाईल, एवढंच. शेड रिकामं, आणि बँकेचा हप्ता चालू.

टर्की-बदकावरचं शुल्क कमी करायचं २०२३ मध्ये ठरलं, त्याने आमचं काही बिघडत नाही. तंगडीसाठी दबाव आलाच तर दक्षिण आफ्रिकेसारखं करावं. त्यांनी २०१५ मध्ये अमेरिकेला वर्षाला ६५ हजार टनांचा कोटा दिला, त्यापुढच्या मालावर अँटी-डम्पिंग शुल्क, म्हणजे पडेल भावात ओतलेल्या मालावरचं जादा शुल्क, ठेवलं. अंड्यांचा प्रश्नच नाही, ती आपल्याकडे भरपूर पिकतात.

खरी ओढाताण खाद्याची आहे. कोंबडीच्या खाद्यात सोयाबीनची पेंड लागते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं, तेव्हा आमच्या धंद्यानेच मागून १२ लाख टन पेंडीच्या आयातीची परवानगी मिळवली. मला हायसं वाटलं. लातूरकडचे माझे मेहुणे सोयाबीनवाले. त्यांचा माल बाजारात आला तोवर भाव निम्म्यावर. दिवाळीत ते माझ्याशी धड बोलले नाहीत, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पेंड आणायचीच असेल तर ती जुलैपर्यंत बंदरात उतरावी, काढणीच्या तोंडावर नको.