एप्रिलमध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला, उजनी धरणाच्या काठी जाऊन दुर्मिळ स्थलांतरित पक्षी दिसतो का, की थंडीबरोबर सगळे निघून जातात?

जरूर जा. पट्टकदंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस) आणि बहुतेक बदकं मार्चअखेर उत्तरेकडे निघालेली असतात, हे खरं. पण त्याच सुमारास उजनीचं पाणी ओसरतं, कुंभारगाव-डिकसळच्या काठांना चिखल उघडा पडतो आणि परतीच्या वाटेवरचे पक्षी तिथे पोट भरायला उतरतात. दुर्मिळ काही बघायचं असेल तर माझ्या मते हाच काळ सगळ्यात चांगला.

लाल मानेचा फॅलारोप मला तिथे एप्रिलमध्येच दिसला. शेकाटे आणि टिलवे उथळ पाण्यात चालत चरत होते आणि त्यांच्या जरा पलीकडे टिलव्याहून थोडा मोठा एक पक्षी चक्क पोहत होता. पाणकाठचे हे चिखलपक्षी सहसा पोहत नाहीत, त्यामुळे नजर तिथेच अडली. बारीक, टोकदार काळी चोच, पांढरा गळा, मानेवर नुकता चढू लागलेला विटकरी रंग. मग तो जागच्या जागी भोवऱ्यासारखा गरगर फिरायला लागला आणि ओळख पक्की झाली. या फिरण्याने खालचं पाणी वर खेचलं जातं, त्याबरोबर बारीक जीव वर येतात आणि तो ते पटापट टिपतो. किती तरी वेळ मी दुसरं काही पाहिलंच नाही!

वजन जेमतेम 30-40 ग्रॅम, पण हा पक्षी हिवाळा काढतो भर समुद्रात. ओमानजवळच्या अरबी समुद्रात त्यांचे मोठे थवे असतात आणि विणीसाठी ते थेट उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात, म्हणजे झाडं नसलेल्या थंड प्रदेशात जातात. म्हणूनच दख्खनच्या पठारावर तो दिसणं हे भाग्य. विणीच्या दिवसांत मादी नरापेक्षा जास्त रंगीत असते आणि अंडी नर उबवतो. त्यामुळे मान गडद लाल दिसली तर ती बहुधा मादी समजा.

रोहित (फ्लेमिंगो) बघून लगेच परत फिरू नका. टिलवे, तुतारी अशा छोट्या चिखलपक्ष्यांचा थवा सावकाश, एकेक पक्षी करून बघा. नेहमीच्या पक्ष्यांची चाल डोळ्यांत बसली की वेगळा पक्षी आपोआप उठून दिसतो. सूर्योदयालाच होडीने पाण्यावर पोचा. नऊनंतर ऊन तापतं आणि पाण्यावरच्या झळांमुळे दुर्बिणीतून नीट दिसत नाही.

एक कळकळीची विनंती. होडीवाल्या दादांना लांबच थांबायला सांगा. फोटोसाठी थवा उडवायला तर मुळीच सांगू नका. पुढच्या हजारो किलोमीटरसाठी लागणारी चरबी हे पक्षी याच चिखलात साठवतात आणि दर वेळी उडवल्यावर त्यातली थोडी वाया जाते. वेगळं काही दिसलं तर दुरून का होईना, चोच आणि पाठ दिसेल असा फोटो काढा आणि तारखेसह ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवा.