खरं काम किती होतं ते मोजायचंय? मग आधी एवढंच कर

भावा, आठ तास बसून हाती काही लागत नाही म्हणतोस, पण घाबरू नकोस. आठही तास सलग काम कुणाचंच होत नाही. १९४८ चा कारखाना कायदासुद्धा पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती द्यायला सांगायचा.

पहिला आठवडा फक्त एक वही ठेव. काम हातात घेतलं की वेळ लिही, सोडलं की लिही.

नवीन माणसं इथं चुकतात:

- मिनिटामिनिटाची नोंद. दोन दिवसांत कंटाळा येतो.
- संध्याकाळी आठवून लिहिणं. आठवणीतले तास फुगतात.
- तयारीला काम न धरणं. हे सगळ्यात वाईट. आपल्या सोलापुरात अक्कलकोट रोडला चादरीचा माग सुरू व्हायच्या आधी ताण्याचे, म्हणजे उभे, धागे जोडावे लागतात. तेवढा वेळ कापड इंचभरही निघत नाही, तरी ते कामच असतं. तुझं फायली लावणं, गिऱ्हाइकाचं फोनवर नीट ऐकून घेणं, हेही वहीत आलंच पाहिजे.

मे महिन्यात सोलापुरात दुपारी तीनला काम मंदावणारच, त्यावरून स्वतःला आळशी ठरवू नकोस. अवघड काम सकाळी उरक.

ॲप आणि तक्ते सध्या राहू देत. आठवडा भरला की वहीत काय दिसलं ते सांग, पुढचं मग बघू.