ड्रिल, पीटी, पीई: तिन्ही एकच का?

प्रश्न असा होता की मँचेस्टरला सरकारी शाळेत शिकणारी भाची 'पीई' (फिजिकल एज्युकेशन) म्हणते, आपण महाराष्ट्रात 'पीटीचा तास' म्हणत मोठे झालो आणि घरातली जुनी माणसं 'ड्रिल' म्हणायची, तर हे तिन्ही शब्द एकाच गोष्टीचे आहेत का आणि ब्रिटिशांनी पीटी सोडून पीई कधी धरलं?

एकच तास, पण शब्द तिन्ही वेगळे, आणि त्यांना समानार्थी म्हणणं मला अजिबात पटत नाही. ड्रिल होतं तेव्हा पोरांचं शरीर सार्जंटच्या ताब्यात होतं, पीटी आली तेव्हा डॉक्टरच्या, आणि पीई झाल्यावर ते शिक्षकाकडे आलं. ब्रिटनमधल्या सरकारी शाळांचा इतिहास बघितला की हे लगेच दिसतं.

आधी एक घोळ मिटवू, कारण तिथे 'पब्लिक स्कूल' म्हणजे ईटन, हॅरो, रग्बी अशा भरपूर फी घेणाऱ्या खासगी शाळा. त्यांच्याकडे मोठमोठी मैदानं, तिथे क्रिकेट आणि फुटबॉल, आणि खेळातून पुढारी घडतात अशी त्यांची श्रद्धा. सरकारी शाळा मात्र 1870 च्या शिक्षण कायद्यानंतर गरीब वस्त्यांमध्ये उभ्या राहिल्या, वर्गात साठ-साठ पोरं, बाहेर छोटंसं फरसबंद अंगण, मग खेळणार कुठे. तर 1871 च्या नियमावलीत असं आलं की आठवड्याला जास्तीत जास्त 2 तास आणि वर्षातले 20 आठवडे मुलांनी ड्रिल केलं तर ते शाळेच्या हजेरीत धरलं जाईल. शिकवायला लष्करातले सार्जंट, दिवसाला सहा पेन्स आणि चालत येण्याचे मैलामागे एक पेनी. सावधान, डावीकडे वळ, उजवीकडे वळ, बास. हेतू हा की पोरं हुकूम ऐकायला शिकली पाहिजेत. श्रीमंतांच्या मुलांना खेळ आणि गरिबांच्या मुलांना हुकूम, ही विभागणी मला आजही टोचते. ड्रिलला आपला 'कवायत' शब्द अगदी चपखल बसतो बरं का, तो अरबी 'कवाइद'वरून आला, म्हणजे नियम, आणि आपला 'कायदा' त्याचंच एकवचन.

आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, जी सहसा कोणी सांगत नाही. मुलगे सार्जंटसमोर पाय आपटत होते त्याच काळात लंडनच्या मुलींना त्यांच्यापेक्षा चांगलं शिक्षण मिळत होतं. लंडनच्या स्कूल बोर्डाने, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाने, मुलींच्या शाळांसाठी स्वीडनहून बाई आणल्या, आधी कॉनकॉर्डिया लोविंग आणि मग 1881 च्या सुमाराला मार्टिना बर्गमन, ज्या लग्नानंतर बर्गमन-ऑस्टरबर्ग झाल्या. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी 1813 साली स्टॉकहोमला संस्था काढून व्यायामाची जी पद्धत बसवली होती ती शरीररचनेच्या अभ्यासावर उभी होती, कुठला स्नायू कशाने ताणला जातो, पाठ कशी सरळ राहते, श्वास कसा घ्यायचा. मार्टिना बाईंनी शेकडो शिक्षिकांना ते शिकवलं, 1885 मध्ये हॅम्पस्टेडला स्वतःचं कॉलेज काढलं आणि 1895 मध्ये ते डार्टफर्डला नेलं. कंबर आवळणारे कॉर्सेट आणि घोळदार झगे घालून व्यायाम कसा करणार, म्हणून त्यांच्याच एका विद्यार्थिनीने, मेरी टेट तिचं नाव, बिनबाह्यांचा सैलसर जिमस्लिप तयार केला आणि पुढे तो कित्येक दशकं ब्रिटिश शाळकरी मुलींचा गणवेश होऊन बसला. म्हणजे मुलींना हातपाय मोकळे हलवता यावेत हा आग्रह या बायकांनी धरला होता, सरकारने नाही.

मग ब्रिटिशांचं दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध झालं, 1899 ते 1902. सैन्यात भरतीला आलेली कितीतरी तरुण पोरं तब्येतीमुळे नाकारली गेली आणि देशभर काळजी पसरली. 1902 मध्ये वॉर ऑफिसच्या, म्हणजे लष्करी खात्याच्या, मदतीने शाळांसाठी 'मॉडेल कोर्स' आला, पण तो जवळजवळ सैनिकांचाच व्यायाम होता, सात-आठ वर्षांच्या लेकरांना तो काय कामाचा, त्यामुळे ओरड झाली आणि 1904 मध्येच नवा अभ्यासक्रम काढावा लागला. त्याच वर्षी शारीरिक ऱ्हासावरच्या समितीचा अहवाल आला, 1906 मध्ये शाळेत जेवण देण्याचा कायदा, 1907 मध्ये वैद्यकीय तपासणीचा. शिक्षण मंडळाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी जॉर्ज न्यूमन झाले आणि शाळेतला व्यायाम त्यांच्या खात्याखाली गेला. हा खरा 'फिजिकल ट्रेनिंग'चा म्हणजे पीटीचा काळ. 1909, 1919 आणि 1933 असे एकामागून एक अभ्यासक्रम निघाले आणि दरवेळी हुकूम थोडे कमी, खेळ थोडे जास्त. पोक काढून उभं राहू नका, मोकळी हवा, हलके कपडे, यावर सगळा भर. 1933 साली लीड्सला पुरुष शिक्षकांसाठी जे कार्नेगी कॉलेज उघडलं त्याच्या नावातही तेव्हा 'फिजिकल ट्रेनिंग'च होतं.

'फिजिकल एज्युकेशन' हा शब्दप्रयोग मात्र नवा नाही हं. इंग्रज विचारवंत हर्बर्ट स्पेन्सरच्या 1861 च्या शिक्षणावरच्या पुस्तकात त्या नावाचं अख्खं प्रकरण आहे, आणि आपल्या आगरकरांवर ज्याचा मोठा प्रभाव होता तोच हा स्पेन्सर. तो तेव्हाच म्हणत होता की ठरीव व्यायामापेक्षा मुलांचं मनसोक्त खेळणं चांगलं. पण सरकारी शाळांच्या रोजच्या बोलण्यात तो शब्द रुळायला दुसरं महायुद्ध यावं लागलं. 1944 च्या कायद्याने सोयी पुरवायची जबाबदारी स्थानिक शिक्षण खात्यांवर टाकली, पाठोपाठ विषय वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून शिक्षण निरीक्षकांकडे आला, प्राथमिक शाळांत चढायच्या चौकटी आणि दोर आले, आणि जर्मनीतून आलेले नृत्यतज्ज्ञ रुडॉल्फ लाबान यांच्या विचारांमुळे स्वतःच्या मनाने हालचाल शोधणं हाही धड्याचा भाग झाला, खास करून मुलींच्या शाळांत. पुढे 1988 च्या शिक्षण सुधारणा कायद्याने राष्ट्रीय अभ्यासक्रम आणला त्यात विषयाचं नाव पीईच.

आपल्याकडे कागदावर 'शारीरिक शिक्षण' छापलेलं असतं आणि ते पीईचं सरळ मराठी रूप आहे, पण तोंडात अजून पीटीच. म्हणायला काहीच हरकत नाही, फक्त ब्रिटनच्या आजच्या शाळेबद्दल लिहिताना 'पीटी' लिहू नका, तिथे तो शब्द आता जुना वाटतो आणि सैन्याची आठवण करून देतो. आणि भाचीच्या वेळापत्रकात पीईशिवाय 'गेम्स' असा वेगळा तास दिसला तर गोंधळू नका, बऱ्याच शाळांत हॉलमधल्या जिम्नॅस्टिक्स वगैरेला पीई आणि मैदानावरच्या हॉकी, नेटबॉल, फुटबॉलला गेम्स म्हणतात.