विषयपत्रिकाच नसलेल्या मेळाव्याला जायचा खर्च मालकाकडून कसा मिळवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कुडाळच्या एका छोट्या सॉफ्टवेअर फर्ममध्ये तुम्ही नोकरीला आहात. पुण्यात शनिवार-रविवार डेव्हलपर मंडळींचा अनौपचारिक मेळावा आहे. वक्ते ठरलेले नाहीत, विषय सकाळी तिथेच फळ्यावर लागणार. मालकांना विचारलंत तर म्हणाले, "थंय जावन गजालीच मारतलास, तेचे पैशे मी कित्याक देव?"

मी लोट्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्स बघतो. असे अर्ज माझ्या टेबलावरून पुढे जातात, नाहीतर तिथेच पडून राहतात. त्यामुळे हे व्हाउचर पास करणाऱ्याच्या खुर्चीतून लिहितोय.

बहुतेक अर्जांत एकच मजकूर असतो: नवीन शिकायला मिळेल, ओळखी वाढतील. आता मालकाच्या बाजूने वाचा. शिकणार तुम्ही, ओळखी तुमच्या आणि पैसे त्यांचे. त्यातून छापील कार्यक्रमपत्रिका नाही, मोठ्या माणसाचं नाव नाही, शेवटी प्रमाणपत्रही नाही. ते सहल म्हणाले तर त्यात त्यांचं फारसं चुकलं नाही.

पण मेळाव्याची हीच ढिलाई तुमच्या कामाला येते. मोठ्या परिषदेत तुम्ही खुर्चीत बसून ऐकता. विषय वक्त्याचा, आणि शेवटी प्रश्नाला दोन मिनिटं, तीही माइक आपल्यापर्यंत पोचला तर. इथे मात्र तुम्ही आपली चिठ्ठी फळ्यावर लावू शकता. "आमच्याकडे हे अडलंय, कोणी हे सोडवलंय का?" एवढं लिहिलं की ज्यांना तो त्रास होऊन गेलाय तेच लोक त्या खोलीत येतात. ही पद्धत जन्मलीच अशा अनुभवातून. हॅरिसन ओवेन नावाच्या अमेरिकन माणसाने खूप मेहनत घेऊन एक परिषद भरवली, तर लोकांना सगळ्यांत आवडल्या त्या कॉफीच्या मधल्या सुट्ट्या. मग १९८५मध्ये त्याने 'ओपन स्पेस' पद्धतीचा मेळावा घेतला, म्हणजे जवळजवळ सगळी परिषदच मधल्या सुट्टीसारखी. सॉफ्टवेअरवाल्यांचा असाच मेळावा, 'बारकँप', २००५च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाला. निमंत्रितांपुरत्या एका मेळाव्याला पर्याय म्हणून काही जणांनी तो आठवड्याभरात जुळवून आणला होता, आणि पुढच्याच वर्षी तो भारतात आला. मालकांना हा इतिहास सांगत बसू नका. एवढंच सांगा, की तिथे आपल्या फर्मची अडचण हाच एका तासाचा विषय होऊ शकतो.

(या मेळाव्यांत 'दोन पायांचा नियम' असतो: बसलो तिथे काही शिकत नसू आणि काही देतही नसू, तर मुकाट्याने उठून दुसऱ्या खोलीत जायचं. नियम चांगला आहे. मालकांना मात्र सांगू नका.)

तर आधी अडचण निवडा. ती खरी हवी, आणि मालकांनाही रोज छळणारी हवी. तुमच्या फर्मचं काम मला माहीत नाही, म्हणून आपल्याकडचं एक उदाहरण धरतो. समजा तुम्ही दुकानांना आणि काजू कारखान्यांना बिलिंगचं सॉफ्टवेअर देता. जूनपासून लाइट जाते, नेट जातं, बिलं ऑफलाइन फाडली जातात, आणि नेट आलं की काही बिलं दोनदा चढतात. मग फोन सुरू, आणि कोणीतरी भर पावसात बाइक काढून वेंगुर्ल्याला जातो. हे असेल तर अर्ज असा लिहा:

"मेळाव्यात मी 'नेट नसताना झालेली बिलं पुन्हा जुळवणे' हा विषय मांडणार आहे. पावसाळ्यात आपला सर्वांत जास्त वेळ याच तक्रारीत जातो. ग्राहकाचं नाव, त्याचा डेटा किंवा आपला कोड बाहेर दाखवणार नाही. सोमवारी अर्धा तास सगळ्यांना माहिती देईन, आणि त्यातला एक उपाय करून बघण्यासाठी मला बुधवारपर्यंत वेळ मिळावा."

ग्राहकाच्या नावाचं वाक्य गाळू नका. मालकांनी तो प्रश्न बोलून दाखवला नाही तरी मनात असतोच. शेवटचं वाक्यही ठेवा. परत आल्यावर करून बघायला वेळच मिळाला नाही, तर वहीत लिहून आणलेलं वहीतच राहतं आणि पुढच्या वर्षी "गेल्या वेळी काय आणलंस?" याला उत्तर नसतं.

खर्चाचं सोपं आहे. अशा मेळाव्यांना फी नसते किंवा जेवणापुरती असते. शुक्रवारी रात्रीच्या गाडीने कुडाळ सोडलंत की शनिवारी सकाळी पुणं, रविवारी रात्री परत बसलात की सोमवारी ऑफिस. मुक्काम एकाच रात्रीचा. जाणं-येणं, लॉज, रिक्षा-जेवण अशा तीन ओळी लिहा. शनिवार तुमच्याकडे कामाचा असेल तर चौथी ओळ: तो दिवस ऑन ड्युटी. घासाघीस झाली तर लॉज सोडून द्या. पुण्यात आत्या-मावशी नाही असा कोकणी माणूस मी अजून पाहिला नाही. पण शनिवार रजेत टाकायला कबूल होऊ नका. रजा टाकलीत की कागदोपत्री ते तुमचं खासगी काम ठरतं, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून भांडावं लागतं.

बिलं फर्मच्या नावाने घ्या, जीएसटी नंबर घालून. प्रवेशाचं रीतसर बिल बहुधा मिळणार नाही, तेव्हा नोंदणीच्या ईमेलची प्रिंट जपून ठेवा. पुढचा मेळावा पणजीला असला तर आधीच सांगून ठेवतो: हॉटेल गोव्यातलं आणि फर्मची नोंदणी महाराष्ट्रातली, तर त्या बिलावरचा जीएसटी फर्मला आपल्या भरायच्या जीएसटीतून वजा करता येत नाही. मुंबईला असला तर परवानगी लवकर काढा. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४पासून ६० दिवस आधी उघडतं, आणि मालकांचं "बघूया" संपेपर्यंत कोकणकन्येला वेटिंग लागलेलं असतं.

आता मालक बोलणार नाहीत ती गोष्ट. त्यांना पाच-सात हजारांची भीती नाही. तिथे पुण्याच्या एखाद्या कंपनीने तुम्हाला उचललं तर काय, ही भीती आहे. आपल्याकडे दहावी-बारावी झाली की पोरगा मुंबई-पुण्याची वाट धरतो. कुडाळात राहून कोड लिहिणारा माणूस मिळवायला आणि टिकवायला त्यांना काय पडतं ते त्यांनाच ठाऊक. "मी कुठे जाणार नाही" अशा शपथा घेऊ नका, त्याने संशय वाढतो. उलट त्यांनाच बरोबर यायला सांगा. अशा मेळाव्यांत सिंधुदुर्ग-रत्नागिरीची पोरं भेटतात. आई-वडील गावाला, घर बांधलेलं, परत यायचं आहे पण गावाकडे काम कोण देतंय ते माहीत नाही. मालकांना एक जरी तसा माणूस मिळाला तरी भरतीचा खर्च वाचला. ते आले नाहीत तरी "कोणी परत यायला तयार असेल तर नंबर आणतो" हे वाक्य त्यांच्या कानावर जाऊ दे. मात्र खरंच आणणार असाल तरच बोला.

विचारायचा दिवसही बघा. ७ तारखेला टीडीएस, ११ आणि २०ला जीएसटीची रिटर्न. या दिवसांत मालक आणि अकाउंटंट दोघंही वैतागलेले असतात. गणपतीच्या आधीचा आठवडा तर सोडूनच द्या. एखाद्या ग्राहकाचं अडकलेलं पेमेंट जमा झालं की त्या दुपारी, जेवणानंतर, अर्ज छापून हातात द्या. व्हॉट्सॲपवर पाठवू नका. मालकांनी त्यावर अंगठा दाखवला तरी तुमच्या अकाउंटंटला फाइलला लावायला सहीचा कागद लागतो.